डॉक्टर फाईलमध्ये एवढं काय लिहितात? मानसोपचाराचा पहिला केसपेपर, सोप्या मराठीत

ठाण्यात राहून मानसोपचाराबद्दल लिहायचं म्हणजे आधी तो घासून गुळगुळीत झालेला विनोद बाजूला सारावा लागतो. कोणी जरा वेगळं वागलं की 'ह्याला ठाण्याला ॲडमिट करा रे' म्हणायची मुंबईकरांची जुनी खोड, कारण इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि कित्येक वर्षं अख्ख्या महाराष्ट्रात अशी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. विनोदाचं काही नाही हो, पण त्याच्या आडून एक समजूत घट्ट बसलीये की मानसोपचारतज्ज्ञाने एकदा तुमच्या नावापुढे काही लिहिलं की संपलं, शिक्का बसला. म्हणून पहिल्यांदा येणारा माणूस डॉक्टरांच्या तोंडाकडे कमी आणि पेनाकडे जास्त बघत असतो.

मी ठाण्यात एका ओपीडीत सायकॉलॉजिस्ट आहे, नवीन पेशंटची हिस्टरी बऱ्याचदा आधी मी घेते, मग मानसोपचारतज्ज्ञ मॅडम पुढचं बघतात. तर त्या पेनातून कागदावर नेमकं काय उतरतं ते सांगते. आजाराचं नाव हा त्यातला सगळ्यात छोटा भाग असतो. एक ओळ. आणि पहिल्या दिवशी बऱ्याचदा त्या ओळीच्या आधी प्रश्नचिन्ह असतं. बाकीची पानं वेगळ्याच प्रश्नावर खर्च होतात, की ह्याच माणसाला, आत्ताच, हे असंच का झालं?

उगाच हवेत बोलण्यापेक्षा एक माणूस घेऊ. हा मी बनवलेला आहे, ओळखीत शोधू नका. समजा नितीन, वय ३४, राहणार घणसोली, नोकरी वागळे इस्टेटला, संध्याकाळी जाऊन पहाटे परत यायची शिफ्ट. वडील वाशी मार्केटला माथाडी होते, गाव साताऱ्याकडे जावळीत. गेले काही महिने नवी मुंबईहून ठाण्याला येणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या लोकल गाडीत ह्याला असा काही त्रास होतो की आता तो गाडीने जायचंच सोडून ओला-उबर करतोय आणि पगार त्यात चाललाय. दोनदा कॅज्युअल्टीत जाऊन आला, ईसीजी नॉर्मल, तिथले डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे, सायकियाट्रिस्टला दाखवा. नाखुशीने आलाय, सोबत बायको.

कागदाच्या अगदी वर नाव, वय, शिक्षण, काम, पत्ता, हे सगळीकडेच असतं. त्याच्या खाली जे येतं ते मात्र बाकीच्या डॉक्टरांकडे एवढं ठळक नसतं: माहिती कोण देतंय, त्याचं पेशंटशी नातं काय, एकत्र राहतात का, आणि ती माहिती विश्वासार्ह आणि पुरेशी वाटते का. हे वेगवेगळं लिहायचं असतं. रूममेट खरं बोलत असेल पण तो तीन महिनेच सोबत राहतोय, त्याला पेशंटचं लहानपण काय माहीत, म्हणजे माहिती विश्वासार्ह पण अपुरी. माझ्या मते अख्ख्या केसपेपरमधली ही सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. लग्नाला वर्षही न झालेल्या मुलीला सासूबाई घेऊन येतात, 'ही गप्प बसते, स्वयंपाकात लक्ष नाही, रात्री रडते, हिला आधीपासूनच असणार, आम्हाला सांगितलं नाही' असं सगळं सांगतात, आणि मुलगी खाली मान घालून बसलेली. अशा वेळी नुसतं सासरचं ऐकून कागद भरला तर तो सासरचा कागद झाला. म्हणून मुलीशी एकटीशी बोलायचं, तिला चालणार असेल तर माहेरहून कुणाला तरी बोलवायचं, आणि दोघांचं म्हणणं वेगवेगळं, कोणाचं काय ते स्पष्ट, लिहायचं. जुळत नसेल तर जुळवायला जायचं नाही. नितीन म्हणतो दोन महिने झाले, बायको म्हणते चार, दोन्ही लिहिलं.

मग येतात मुख्य तक्रारी, पेशंटच्या स्वतःच्या शब्दात, आणि प्रत्येकीपुढे किती दिवस. नितीनच्या कागदावर अवतरणचिन्हात येईल, 'गाडीने ऐरोली सोडली की छाती आवळते, हात गार पडतात, वाटतं आता मी जातो.' आणि 'ड्युटीला जायचं म्हटलं की दुपारपासून पोटात गोळा.' बाकी सगळा कागद इंग्रजीत आणि मध्येच ही मराठी वाक्यं, बघायला गंमत वाटते. पण मी तिथेच 'पॅनिक अटॅक' लिहून मोकळी झाले तर ऐकायच्या आधीच निकाल दिल्यासारखं होतं, आणि पुढे वाचणारा प्रत्येक जण, अगदी पाच वर्षांनी दुसऱ्या शहरातला डॉक्टरही, माझा निकाल वाचेल, नितीनचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

त्यानंतरचा भाग लांबलचक असतो, आजाराची सगळी गोष्ट. कधी सुरू झालं, एकदम की हळूहळू, सतत असतं की येतं-जातं, एकदा आलं की किती मिनिटं टिकतं, मधल्या काळात माणूस ठीक असतो का, कशाने वाढतं, कशाने उतरतं, कामावर काय परिणाम, झोप, भूक, वजन. नितीनला पहिला झटका दिघा गावच्या आसपास गाडी सिग्नलला थांबली तेव्हा आला, काही मिनिटांत शिगेला पोचला, पंधरा-वीस मिनिटांत ओसरला, पण त्यानंतर 'परत येईल' ही धास्ती बसली ती बसलीच. हे दोन वेगळे त्रास आहेत, झटका वेगळा आणि झटक्याची धास्ती वेगळी, आणि कागदावर दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत कारण दोन्हींवरचं काम वेगळं असतं.

आता एक गंमत. ह्याच्यात जवळजवळ अर्धं पान 'नाही' चं असतं. शुद्ध हरपली नाही, जीभ चावली नाही, हातपाय झटकले नाहीत, म्हणजे फिट नसावी. वजन घटलं नाही, हात थरथरत नाहीत, गरम जास्त होत नाही, म्हणजे थायरॉइडची शक्यता कमी, तरी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगू. कानात आवाज येत नाहीत, कोणी मागावर आहे असं वाटत नाही, कधी आठवडाभर अति उत्साह, झोप नको, पैसे उधळणं असं झालेलं नाही. हे सगळं विचारलं आणि नव्हतं, ह्याची नोंद. नातेवाईक कधीकधी फाईल उघडून वाचायला बघतात, त्यांना 'हॅल्युसिनेशन' (भास) 'डिल्युजन' (भ्रम) 'सुसाईड' असले शब्द दिसतात आणि पाय गळतात, कारण त्याच्यापुढे डॉक्टरांच्या अक्षरात जे छोटंसं फराटं असतं त्याचा अर्थ 'नाही' आहे हे त्यांना कोण सांगणार.

व्यसनाचं विचारताना तर आकडाच लागतो. 'कधीतरी' हे उत्तर चालत नाही, कारण आपल्याकडे कधीतरी म्हणजे दिवाळीला एक बिअर ते दर शुक्रवारी क्वार्टर इथपर्यंत काहीही असू शकतं. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगरेट, दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, आणि हो, चहा-कॉफी पण. नितीन नाईट शिफ्टमध्ये पाच-सहा कॉफ्या आणि वर एक एनर्जी ड्रिंक घेतो, आणि धडधड होते म्हणून घाबरून बसतो, हे कागदावर शेजारी शेजारी आलं की बघणाऱ्याला काहीतरी दिसायला लागतं.

घरच्यांची माहिती लिहायची नसते, काढायची असते, तीन पिढ्यांचा छोटासा नकाशा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ, पेशंटकडे बाण. आजार, व्यसन, आत्महत्या, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं तिथे येतं. नितीनच्या नकाशात वडिलांच्या चौकोनावर रेघ आहे, वर्षभरापूर्वी हार्ट अटॅकने गेले, कामावरून घरी येताना. आईचा गोल, त्याच्याशेजारी 'फार काळजी करते'. आणि एक चुलत काका, ज्याच्याबद्दल पहिल्या दिवशी कोणी काही बोलत नाही. असे काका दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर येतात, 'गावाला असायचे, जरा वेडसर होते, मग एक दिवस निघून गेले ते परत आले नाहीत'. पहिल्या दिवशी हे मिळेल अशी अपेक्षाच धरायची नाही. जन्म, शाळा, नोकरी, लग्न हा भाग मी इथे सोडून देते, त्याचा अंदाज सगळ्यांना असतो, फक्त एक सांगते की 'हा आधी कसा होता?' हा प्रश्न नक्की असतो. आधीपासून अबोल असलेला माणूस आज गप्प आहे आणि आधी पथकात वरच्या थराला चढणारा, सगळ्या सोसायटीला हसवणारा माणूस आज गप्प आहे, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इथवरचं सगळं म्हणजे सांगितलेलं. ह्यानंतर येतं ते बघितलेलं, त्याला मेंटल स्टेटस एक्झामिनेशन म्हणतात, आमच्या बोलीत एमएसई. फिजिशियन छातीला स्टेथो लावतात तसं आमच्याकडे हे, आणि पेशंटला बऱ्याचदा पत्ताही नसतो की तपासणी चालू आहे. कपडे, केस, दाढी, चालणं, बसणं, डोळ्याला डोळा देतो का, बोलण्याचा वेग, आवाज, विचारल्यावर किती वेळाने उत्तर येतं. इथे लिहायची एक शिस्त आहे, दिसलं ते लिहायचं, त्यावरचं आपलं मत लिहायचं नाही. 'विचित्र वागतो' हे मत झालं. 'बसल्यावर चपला हातात धरल्या, तीनदा उठून दार बंद आहे का बघितलं' ही नोंद झाली. मत प्रत्येकाचं वेगळं येईल, नोंद दुसऱ्यालाही पडताळता येते.

मूड दोनदा लिहितात हे ऐकून लोक हसतात. एकदा पेशंट काय म्हणतो ते, 'कसं वाटतंय?' 'ठीक आहे.' आणि एकदा आपल्याला काय दिसतंय ते. वडिलांच्या मरणाबद्दल सांगताना कोणी खुदकन हसलं तर ते विसंगत म्हणून लिहितात, आणि चेहऱ्यावर काहीच हललं नाही तर तसं लिहितात. मग विचार, त्यांचा ओघ कसा आहे, एकाला एक लागून येतायत की मधले सांधे निखळलेत, आशय काय, कुठल्या गोष्टीबद्दल कितीही समजावलं तरी न हटणारा गैरसमज आहे का, हे विचार माझे नाहीत, कोणी घातलेत किंवा काढून घेतलेत असं वाटतं का. मग भास.

आणि मग ती प्रसिद्ध परीक्षा. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, १०० मधून ७ वजा करत जा, ह्या तीन वस्तू लक्षात ठेवा पाच मिनिटांनी विचारते. एखादी मावशी शाळेतच गेलेली नसेल तर १०० वजा ७ विचारण्यात अर्थ नाही, तिला २० पासून उलटे आकडे किंवा जांभळी नाक्यावर ३५ रुपयांची भाजी घेतली, ५० दिले, किती परत मिळतील हे विचारायचं, ती पटकन सांगते. अमूर्त विचार करता येतो का हे बघायला म्हणीचा अर्थ विचारतात, 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणजे काय? 'अंगणात खड्डे असले की नाचता येत नाही' असं उत्तर आलं की शब्दशः अर्थ घेतला अशी नोंद. पण घोडबंदर रोडच्या कॉन्व्हेंटमधल्या बारावीच्या मुलाला ती म्हण आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळते, मग चुकला तर दोष कोणाचा? तिथे बस आणि ट्रेनमध्ये सारखं काय हे विचारलेलं बरं. हे लक्षात न ठेवता फॉर्म भरणारे लोक पण आहेत, काय करणार.

सगळ्यात शेवटी इन्साइट, म्हणजे आपल्याला काही होतंय आणि ते काय आहे ह्याची स्वतःला किती जाण आहे. आपल्याकडे ते १ ते ६ आकड्यात लिहायची पद्धत आहे. १ म्हणजे मला काहीच झालेलं नाही. ३ म्हणजे त्रास आहे पण त्याचं कारण बाहेरचं, दुसरी माणसं किंवा शरीराचा आजार. ५ म्हणजे डोक्याला कळलंय की हा मनाचा आजार आहे पण वागण्यात बदल नाही, आणि ६ म्हणजे आतून उमगलंय, त्याप्रमाणे वागणंही बदललंय. नितीन म्हणतो, 'मॅडम हार्टचंच आहे, ईसीजीत पकडलं जात नाही एवढंच.' म्हणजे ३. हा आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क नाहीत, ३ असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी 'सगळं मनाचं आहे' सांगितलं तर तो दुसऱ्यांदा येणारच नाही, एवढं त्यातून डॉक्टरांना कळतं.

आत्महत्येबद्दल प्रत्येकाला विचारतात. प्रत्येकाला, नुसती झोप येत नाही म्हणून आलेल्यालाही. जगणं नकोसं वाटतं का, मरणाचे विचार येतात का, काही ठरवलंय का, साधन जवळ आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का, आणि आत्ता काय थांबवतंय. विचारल्याने डोक्यात कल्पना येते अशी भीती घरच्यांना वाटते, तसं होत नाही, उलट बऱ्याच जणांना कोणीतरी सरळ विचारलं ह्याचंच हायसं वाटतं. आणि पोलीस केसची भीती असेल तर, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला मे २०१८ पासून, त्याच्या कलम ११५ प्रमाणे प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, उलट सिद्ध झालं नाही तर खटला आणि शिक्षा नाही, उलट सरकारने काळजी आणि उपचार द्यायचे. खरं सांगायचं तर लोक हे उत्तर कमी-जास्त करून सांगतात कारण शेजारी नवरा किंवा आई बसलेली असते. म्हणून हा भाग एकट्याशी बोलून.

आता ती एक ओळ, निदान. ह्यासाठी जगात दोन पुस्तकं चालतात, एक जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी, त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, आणि दुसरं अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं डीएसएम. आपला तोच २०१७ चा कायदा कलम ३ मध्ये आयसीडीचं नाव घेतो. दोन्हींत प्रत्येक आजाराला एक कोड असतो. एवढ्या कोडची भानगड का, तर आधी सगळा गोंधळच होता. १९६० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क आणि लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञांची तुलना झाली, तेव्हा दिसलं की तशाच पेशंटला न्यूयॉर्कवाले धडाधड स्किझोफ्रेनिया म्हणतायत आणि लंडनवाले बऱ्याचदा मूडचा आजार. समुद्र ओलांडला की आजार बदलतो असं तर नाही ना! मग १९८० च्या डीएसएमपासून प्रत्येक आजाराचे स्पष्ट निकष आले, इतकी लक्षणं, इतके दिवस, आणि निदान बरंच एकसारखं व्हायला लागलं.

पण कोडची मजा बघा. नितीनला जुन्या दहाव्या आयसीडीने बघितलं तर झटके बहुतेक गाडीतच येतात म्हणून अ‍ॅगोराफोबिया, म्हणजे चटकन बाहेर पडता येणार नाही अशा जागांची भीती, पॅनिकसहित, एफ ४०.०१. म्हणजे पॅनिक हे त्या भीतीचंच उग्र रूप धरायचं. नवीन अकराव्या आवृत्तीत पॅनिक डिसऑर्डर आणि अ‍ॅगोराफोबिया ह्या दोन स्वतंत्र गोष्टी, दोन्ही लिहिता येतात. नितीन तोच, गाडी तीच. म्हणून म्हटलं, ती ओळ महत्त्वाची आहे, तिच्याशिवाय औषध कोणतं, इन्शुरन्सचा क्लेम कसा, दुसऱ्या डॉक्टरला काय सांगायचं हे अडतं, पण त्या ओळीत नितीन नाहीये.

नितीन आहे तो त्याच्या खालच्या परिच्छेदात, त्याला फॉर्म्युलेशन म्हणतात. अमेरिकेतले डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी १९७७ मध्ये मांडलं की आजार बघताना शरीर, मन आणि समाज तिन्ही एकत्र बघा, त्या विचारावर हा परिच्छेद उभा असतो. चार प्रश्न डोक्यात ठेवून लिहितात: आधीपासून कच्चं काय होतं, ठिणगी कुठे पडली, त्रास चालू कशामुळे राहतोय, आणि जमेची बाजू काय. नितीनचा मराठीत लिहिला तर साधारण असा होईल.

'३४ वर्षांचा विवाहित पुरुष, मुळात काळजी करण्याचा स्वभाव, आईही तशीच. घरात वडील धडधाकट आणि कमावते, ते वर्षभरापूर्वी प्रवासात हार्ट अटॅकने अचानक गेले. थोरला म्हणून सगळे विधी आणि कागदपत्रं ह्यानेच केली, रडल्याचं बायकोला आठवत नाही. त्यानंतर रात्रपाळी, अपुरी झोप, जास्त कॉफी, घराचे हप्ते. अशात बंद गाडीत धडधड झाली, तिचा अर्थ त्याने "वडिलांसारखं होतंय" असा लावला आणि झटका आला. आता गाडी टाळणं, घड्याळात दिवसभर पल्स बघणं, रात्री गूगल करणं, बायकोने रोज सोबत येणं ह्यामुळे भीती टिकून आहे. जमेच्या बाजू, नोकरी चालू आहे, बायको समजूतदार, आत्महत्येचे विचार नाहीत, आणि नाखुशीने का होईना, आला आहे.'

एवढं वाचलं की पुढचा प्लॅन आपोआप दिसायला लागतो ना? औषध लागलं तर कमी डोसने सुरू, कारण चिंतेवरच्या एसएसआरआय गोळ्यांनी पहिले काही दिवस धडधड जरा वाढू शकते आणि ह्याला तर धडधडीचीच भीती, आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी गोळी कचऱ्यात जाईल. कॉफी कमी. पल्स बघणं हळूहळू बंद. गाडीचा सराव टप्प्याटप्प्याने, आधी दुपारच्या रिकाम्या गाडीने रबाळेपर्यंत, मग ऐरोली, मग ठाणे, आधी बायको बरोबर, मग एकटा. आणि वडिलांबद्दल बोलणं, जे वर्षभर राहून गेलं. हेच कोड असलेली वाशीची २२ वर्षांची मुलगी घ्या, जिला पहिला झटका परीक्षेच्या हॉलमध्ये आला, जिच्या घरी 'पहिला नंबर नाही तर काही नाही' असं वातावरण आहे. गोळी कदाचित तीच, पण बोलणं पूर्ण वेगळं, आणि आईवडिलांना बोलवावंच लागेल.

ह्यात अजून एक गोष्ट लिहितात, घरचे ह्या त्रासाचा अर्थ काय लावतात. नितीनच्या आईचं म्हणणं, नवऱ्याच्या दिवसांत काहीतरी राहून गेलं, गावाला जाऊन कोणाला तरी दाखवून येऊ. अमेरिकेच्या डीएसएममध्ये सुद्धा २०१३ पासून ह्यासाठी १६ प्रश्नांची खास मुलाखत आहे, तुमच्या मते हे कशामुळे झालं, तुमच्या माणसांना काय वाटतं, आधी कोणाकडे गेला होता, असे. हसायचं नाही, खोडून काढायची घाई करायची नाही, लिहायचं. कारण ते माहीत नसेल तर गावाला गेल्यावर गोळ्या बंद का झाल्या हे डॉक्टरांना कधीच कळणार नाही. तसंच, नवरात्रात एखाद्या बाईच्या अंगात येतं, तिच्या माणसांना ते मान्य आहे, उरलेलं वर्ष ती व्यवस्थित काम करते, तर ते आजार म्हणून लिहीत नाहीत. ओळखीचं जग सोडून, वेळीअवेळी, तिच्या इच्छेविरुद्ध आणि तिला त्रास देत ते व्हायला लागलं तर गोष्ट वेगळी.

आता वास्तव. गर्दीच्या सरकारी ओपीडीत एका माणसाला काही मिनिटं मिळतात आणि केसपेपरवर तीन ओळी येतात, त्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण सगळं कॉम्प्युटरवर आल्यापासून एक नवीन रोग आलाय, टेम्प्लेटचा. सगळ्यांच्या एमएसईत 'आय कॉन्टॅक्ट मेंटेन्ड, रॅपो एस्टॅब्लिश्ड', म्हणजे नजर देऊन बोलला, सूर जुळला, असं आपोआप छापून येतं, मग पेशंट टेबलाखाली बसून बोलला असला तरी. मला विचाराल तर हाताने लिहिलेल्या तीन खऱ्या ओळी त्या चार छापील पानांपेक्षा बऱ्या.

शिक्क्याच्या भीतीबद्दल दोन गोष्टी कायद्यातच आहेत. कलम २३ प्रमाणे ही माहिती गोपनीय, कंपनीच्या एचआरने फोन केला म्हणून डॉक्टर काही सांगू शकत नाहीत, तुमची संमती लागते, अपवाद मोजके, म्हणजे कोणाच्या जिवाला धोका, कोर्टाचा आदेश वगैरे. आणि कलम ३ म्हणतं की आधी उपचार घेतले किंवा ॲडमिट होता एवढ्यावरून आज किंवा पुढे कोणाला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. शिवाय तो कागद काही दगडावरची रेघ नाही, दर भेटीला त्यात भर पडते, खोडलं जातं. टीएसएचचा रिपोर्ट येतो, काका बाहेर येतात, शुक्रवारची क्वार्टर रोजची निघते, आणि फॉर्म्युलेशन परत लिहावं लागतं, कधी निदानच बदलतं.

पहिल्यांदा जाणार असाल तर जुनी प्रिस्क्रिप्शन्स, रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या पण, पिशवीत घालून न्या, आणि जमलं तर घरातल्या अशा माणसाला न्या जो तुम्हाला आधीपासून ओळखतो. तुमचं बोलून झालं की डॉक्टरांना सरळ विचारा, 'तुम्हाला काय वाटतंय, हे मला आत्ताच का झालं?' उत्तर लगेच मिळेल असं नाही, 'अजून दोन भेटी लागतील' हेही प्रामाणिक उत्तर आहे. डॉक्टर बदलायचे असतील किंवा बदली होऊन गाव सोडणार असाल तर समरी मागून घ्या, आपल्या नोंदी मागायचा हक्क कलम २५ ने दिलाय, काही मजकूर उघड केल्याने पेशंटला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्या कोणाला इजा होण्याची शक्यता असेल तेवढाच भाग रोखता येतो. आणि कुठे जावं हेच कळत नसेल तर टेलिमानस ही हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीसुद्धा.